हर-टू पॉझिटिव्ह स्तनाचा कॅन्सर, सुरुवातीची स्टेज: ट्रास्टुझुमॅब नवव्या डोसला थांबवलं तर?

धायरीचा_जीपी

नमस्कार मंडळी. ऑन्कोलॉजीवाल्यांकडून आणि केमो फार्मसीवाल्यांकडून नेमकं उत्तर हवंय, म्हणून केस मोजक्यात देतो.

वय ६१, वजन ५८ किलो, बीपीसाठी अम्लोडिपिन ५ मिग्रॅ. गाठ १.८ सेंमी, काखेतले नोड (लसिका ग्रंथी) सगळे स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी गाठ), हर-टू आयएचसी ३+ (गाठीच्या तपासणीत हर-टू हे प्रथिन भरपूर). आधी ऑपरेशन (स्तन राखून), मग पॅक्लिटॅक्सेल (टॅक्सेन गटातली केमो) दर आठवड्याला एक असे १२, अँथ्रासायक्लिन (लाल केमो) अजिबात नाही. ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर नेम धरणारं औषध) पहिल्या दिवसापासून दर तीन आठवड्यांनी, आजवर ८ डोस. रेडिएशन झालं, लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) चालू आहे. इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) सुरुवातीला ६२ होतं, परवाच्या रिपोर्टात ५४.

घरच्यांनी कुठेतरी वाचलंय की इंग्लंडमध्ये सहा महिने दिलं तरी वर्षाइतकाच फायदा दिसला. त्यांचं म्हणणं, गाठ लहान, नोड स्वच्छ, त्यात हृदयही कुरकुरतंय, मग नववा डोस घेऊन (तिथे सहा महिने भरतात) थांबूया. खर्चाचा मुद्दा आहेच, तो ते उघड बोलत नाहीत इतकंच.

वरवर पाहता मलाही हे पटतंय. कमी धोक्याच्या पेशंटला कमी औषध, यात चूक काय? निर्णय ऑन्कोलॉजिस्टच घेतील, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी घरच्यांनी काय विचारावं एवढं समजलं तर बरं.

किमोखोली

डॉक्टर, तुमच्या प्रश्नात एक खाच आहे. आधी ती सांगतो, मग बाकीचं.

घरच्यांनी वाचलंय ती पर्सेफोन चाचणी. ब्रिटनमधली, ४,०८८ बायका, निकाल २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. चार वर्षांनी आजार न उलटता असलेल्या बायका १२ महिन्यांच्या गटात ८९.८ टक्के, ६ महिन्यांच्या गटात ८९.४ टक्के. हृदयाच्या त्रासामुळे औषध थांबवावं लागलं ते १२ महिन्यांत ८ टक्के बायकांना, ६ महिन्यांत ३ टक्क्यांना. इथवर घरच्यांचं म्हणणं बरोबर.

आता त्या बायकांना केमो कुठली मिळाली होती ते बघा. दहातल्या जवळजवळ नऊजणींना अँथ्रासायक्लिन मिळालं होतं, एकटं किंवा टॅक्सेनच्या जोडीने. नुसत्या टॅक्सेनवर असलेल्या दहात एक. शिवाय निम्म्याहून अधिक बायकांना ट्रास्टुझुमॅब केमो संपल्यावर दिलं गेलं, केमोसोबत नाही. उपगट पाडले तेव्हा सहा महिन्यांचं पारडं हलकं पडलेलं दिसलं ते नेमकं नुसत्या टॅक्सेनवाल्यांत, केमोसोबतच ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांत आणि ऑपरेशनच्या आधी केमो झालेल्यांत. उपगटांचे आकडे छोटे असतात, त्यांच्यावर घर बांधू नये हे खरंच. पण तुमच्या पेशंट या तीनपैकी पहिल्या दोन्ही खणांत बसतात.

त्यांना मिळालेला उपचार मुळात एपीटी नावाच्या अमेरिकी अभ्यासातून आलाय. ४०६ पेशंट, गाठ ३ सेंमीपर्यंत, नोड स्वच्छ. १२ आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि ट्रास्टुझुमॅब पूर्ण एक वर्ष. सात वर्षांनी सुमारे ९३ टक्के बायका आजाराविना. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी निकाल इतका चांगला होता की लहान गाठींसाठी जगभर हीच पद्धत रूढ झाली. त्यात केमो आधीच निम्मी केलेली आहे. ती निम्मी करता आली कारण ट्रास्टुझुमॅब वर्षभर होतं. आता तेही निम्मं केलं तर दोन्हीकडून कापल्यासारखं होतं, आणि असं दोन्हीकडून कापून पुढे काय होतं हे तपासलेली मोठी चाचणी झालेली नाही.

म्हणून 'कमी धोका म्हणजे सहा महिने चालतील' हे गणित या केसमध्ये सरळ लागत नाही. हीच गाठ आणि हेच नोड असलेल्या बाईला चार लाल केमो आणि मग टॅक्सेन मिळालं असतं, तर सहा महिन्यांची चर्चा जास्त भक्कम पायावर झाली असती. ईएसएमओच्या (युरोपातली कॅन्सरतज्ज्ञांची संघटना) २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: बहुतेकींसाठी एक वर्ष, आणि अँथ्रासायक्लिन-टॅक्सेन दोन्ही मिळालेल्या, निवडक, कमी धोक्याच्या पेशंटबाबत सहा महिन्यांचा विचार करता येईल.

नऊ आठवड्यांचं कुणी सुचवलं तर तिथे मात्र स्पष्ट नाही म्हणा. सोल्ड चाचणीत (२,१७४ बायका) पाच वर्षांनी ८८ विरुद्ध ९०.५ टक्के असा फरक पडला, वर्षभराच्या बाजूने. उलट्या टोकाला हेरा चाचणीत दोन वर्षं देऊन पाहिलं. फायदा वर्षापेक्षा काडीचाही वाढला नाही, हृदयाचा त्रास तेवढा वाढला. पहिल्या मोठ्या चाचण्यांत वर्ष धरलं गेलं ते अंदाजाने, पण आता वर आणि खाली दोन्हीकडे मोजून झालंय.

पी_०५

किमोखोली यांनी फ्रान्सची फेअर चाचणी सोडली, तिच्याशिवाय गंमत कळत नाही.

फेअरमध्येही ६ विरुद्ध १२ महिनेच होते, सुमारे ३,४०० बायका. तिचा अंतिम निकालही २०१९ मध्येच आला: हॅझर्ड रेशो (दोन गटांत आजार उलटण्याच्या वेगाची तुलना; १ म्हणजे फरक नाही, १ च्या वर म्हणजे सहा महिने मागे) १.०८. पर्सेफोनचा १.०७. म्हणजे जवळपास तोच आकडा. तरीही एकीच्या बातमीत 'सहा महिने पुरे' आणि दुसरीच्या बातमीत 'सहा महिने कमी पडतात'.

कारण पट्टी वेगळी. अशा चाचणीत 'सहा महिने चांगले आहेत का' हा प्रश्नच नसतो. 'सहा महिने आधीच ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाईट तर नाहीत ना' एवढंच तपासतात. पर्सेफोनने ठरवलं होतं, चार वर्षांनी ३ टक्क्यांपर्यंत घट झाली तरी चालेल. फेअरने ठरवलं, रेशोच्या अंदाजाची वरची हद्द १.१५ च्या आत राहिली पाहिजे. फेअरची वरची हद्द आली १.२५, नापास. पर्सेफोनची आली १.२४, पास. (फेअरने अंदाजासाठी ९५ टक्के खात्रीची कक्षा धरली, पर्सेफोनने ९० ची, तो फरक वेगळा.) परीक्षा तीच, मार्क तेच, पासिंग वेगवेगळं.

पुढे पाच चाचण्यांतल्या ११ हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हाही ६ महिन्यांचा रेशो १.०७ च्या आसपासच राहिला. तेव्हा घरच्यांना सांगायचं तर असं सांगा: फरक असला तर शंभरात एखादीचा, नसेलही. पण ती 'सरासरी' बाई लाल केमो घेतलेली आहे, हे वरचं वाक्य त्याला जोडूनच सांगा.

सिम्पसनपद्धत

मी फक्त इकोवर बोलतो.

६२ वरून ५४ म्हणजे ८ अंकांची घट, आणि ५४ हे अजून ५० च्या वर आहे. या आकड्यावर ट्रास्टुझुमॅब थांबवत नाहीत. युरोपच्या नियमाने घट १० किंवा जास्त अंकांची आणि शिवाय ईएफ ५० च्या खाली, अशा दोन्ही गोष्टी हव्यात; मग औषध रोखून तीन आठवड्यांच्या आसपास पुन्हा इको. अमेरिकी लेबलचा नियम थोडा निराळा: मूळच्या १६ अंक किंवा जास्त खाली, किंवा नॉर्मलच्या खालच्या हद्दीखाली जाऊन शिवाय १० अंकांची घट, तर किमान चार आठवडे रोखायचं, दर चार आठवड्यांनी इको, आणि आठ आठवड्यांत सुधारलं नाही तर कायमचं बंद. तुमच्या पेशंटसाठी धोक्याची रेघ ४९ वर आहे असं धरा.

पण त्याआधी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. पहिला कुठे झाला, दुसरा कुठे? पहिल्यात 'ईएफ ६० ते ६५' असं नजरेने लिहिलंय का? बायप्लेन सिम्पसनने (हृदयाच्या दोन बाजूंच्या चित्रांवरून हिशेब करून) मोजलं असेल तर रिपोर्टात डायस्टोलिक (भरलेल्या) आणि सिस्टोलिक (आकसलेल्या) हृदयाचे व्हॉल्यूम मिलिलिटरमध्ये दिलेले असतात. ते नसतील तर तो आकडा अंदाज समजा. एकाच बाईचं एकाच दिवशी दोन जणांनी इको केलं तरी पाच-सात अंकांचा फरक पडू शकतो. एका ठिकाणी कर्वे रोडला, पुढचं तीन महिन्यांनी हडपसरला, मशीन वेगळं, माणूस वेगळा, आणि मग '८ ने पडलं' म्हणून घाबरायचं, याला अर्थ नाही. सगळी इको एकाच मशीनवर, शक्यतो एकाच हाताने. चिठ्ठीवर 'ट्रास्टुझुमॅब चालू, बायप्लेन सिम्पसन, जमल्यास जीएलएस' असं लिहून पाठवा. जीएलएस (हृदयाचा स्नायू लांबीने किती आकसतो तो आकडा) मूळच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घसरलं तर ईएफ पडण्याआधीची ती खूण असते. इकोच्या दिवशी बीपी किती होतं तेही लिहून घ्या; १७० वर असताना काढलेलं ईएफ कमीच येणार.

दर तीन महिन्यांचा इको चुकवू नका. या बाईंना अँथ्रासायक्लिन मिळालेलं नाही ही मोठी जमेची बाजू. एपीटीमध्ये ४०६ पैकी फक्त दोघींना लक्षणांसह हार्ट फेल्युअर झालं, आणि औषध थांबवल्यावर दोघींचंही हृदय सावरलं. अम्लोडिपिनच्या जागी किंवा जोडीला रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घालायचं का, हे कार्डिओलॉजिस्टला विचारण्यासारखं आहे. ते तर तुमच्याच हातातलं.

एकवीस_मिग्रॅ

खर्चाचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी. सहा महिन्यांची चर्चा निम्म्या वेळा इथूनच सुरू होते, आणि ती व्हायलच्या (औषधाच्या कुपीच्या) हिशेबात बरीच सुटते.

४४० मिग्रॅची व्हायल धरून चालू. ५८ किलोला पहिला डोस ८ मिग्रॅ/किलो, म्हणजे ४६४. पुढचे ६ मिग्रॅ/किलो, म्हणजे ३४८. दर वेळी नवी व्हायल फोडून उरलेलं टाकून दिलं तर १८ डोसांना १९ व्हायल लागतात, कारण पहिल्या डोसाला २४ मिग्रॅसाठी दुसरी फोडावी लागते. तो डोस ४४० वर आणला (५ टक्क्यांचा फरक, १० टक्क्यांच्या आत राउंडिंग सर्वमान्य आहे) तर १८. आणि उरलेलं पुढच्या वेळी वापरलं तर १५.

उरलेलं वापरता येतं का, तर येतं, अटींवर. ४४० च्या व्हायलसोबत २० मिली बॅक्टेरिओस्टॅटिक पाणी येतं, त्यात बेंझिल अल्कोहोल असतं. त्याच पाण्याने विरघळवली तर २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते. डोसांतलं अंतर २१ दिवसांचं, म्हणजे एकदा पुढे नेता येते, दोनदा नाही. तिसऱ्या डोसाला फोडलेलीतले ९२ मिग्रॅ चौथ्याला चालतात, पाचव्याला त्या व्हायलमधलं काही घ्यायचं नाही. साध्या स्टराइल पाण्याने विरघळवली (बेंझिल अल्कोहोलची अ‍ॅलर्जी असेल तर तसंच करावं लागतं) तर एकदाच वापर, उरलेलं टाकायचं. १५० मिग्रॅची व्हायल तर एकाच वापराची, तिला ७.२ मिली पाणी. दोन्हींत विरघळल्यावर होतं २१ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे ३४८ मिग्रॅला १६.६ मिली ओढायचं.

उरलेली व्हायल कुठे ठेवायची, हा खरा वादाचा मुद्दा. घरच्या फ्रिजमध्ये नको. भाजीच्या कप्प्यात गोठत नाही पण दार उघडझाप होते, वरच्या कप्प्यात मागच्या भिंतीला टेकली तर गोठते. गोठलेली व्हायल दिसायला ठीक असली तरी वापरू नये. डेकेअरच्या (जिथे डोस देतात त्या केंद्राच्या) फार्मसी फ्रिजमध्ये, व्हायलवर पेशंटचं नाव, फोडल्याची तारीख-वेळ आणि पाणी कुठलं हे लिहून. काही डेकेअर हे करतात, काही नाही म्हणतात. आधी विचारून घ्या. सदाशिव पेठेतून होलसेलने आणून देणार असाल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि व्हायल यांच्यामध्ये जाड कागद हवा. डबा मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत तासभर ठेवायचा नाही, आणि बिलावरची बॅच व्हायलच्या बॅचशी जुळवून घ्यायची.

पाणी घालताना धार भिंतीवरून सोडायची, थेट पांढऱ्या ढेपेवर नाही. मग व्हायल हलके गोल फिरवायची. हलवली, झटकली की फेस. फेस झाला तर पाच मिनिटं तशीच ठेवा, बसतो. २५० मिली नॉर्मल सलाईनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये कधीही नाही, त्यात प्रथिनाचे कण बनतात.

बायोसिमिलरबद्दल (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं) घरचे विचारतीलच. भारतात बायोकॉनचं कॅनमॅब २०१४ पासून मिळतं, त्याच रेणूला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत मोठी तफावत असते. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे भरू नका, मात्र दर डोसाला ब्रँड बदलत बसू नका. मांडीत देतात ते ६०० मिग्रॅचं इंजेक्शन (५ मिली, दोन ते पाच मिनिटं) वेगळं, त्याला वजन नाही, लोडिंग (पहिला मोठा डोस) नाही, उरत काही नाही. सोयीचं, पण हिशेब वेगळा करावा लागतो.

धायरीचा_जीपी

खाच कळली. केमो हलकी होती म्हणून ट्रास्टुझुमॅब पूर्ण हवं, हे उलटं बसतं डोक्यात पण बसलं. इकोचंही बघितलं: पहिल्या रिपोर्टात 'एलव्हीईएफ ६०-६५%' एवढंच, व्हॉल्यूम नाहीत. दुसऱ्यात व्हॉल्यूम दिलेत.

दोन गोष्टी राहिल्या. नववा डोस नेमका विसर्जनाच्या दिवशी येतोय, डेकेअर मध्य पुण्यात. दोन-चार दिवस इकडेतिकडे चालेल का? आणि मुलगा म्हणतो, २०२४ च्या बजेटमध्ये हे औषध स्वस्त झालंय, मग आपल्याला महाग का लावलंय?

किमोखोली

चालेल. त्या दिवशी तिथे पोचणं होणारच नाही, नंतर दोन-तीन दिवसांनी घ्या. ठरलेल्या तारखेच्या पुढे एक आठवड्यापर्यंत उशीर झाला तर नेहमीचाच ६ मिग्रॅ/किलो. आठवड्याच्या वर गेलं तर पुन्हा लोडिंग, ८ मिग्रॅ/किलो, आणि तिथून २१ दिवस मोजायचे. डोस बनवणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून फाइलवर ठळक लिहून ठेवा. इकोसाठी औषध रोखलं आणि पुन्हा चालू केलं तरी हाच नियम.

५४ च्या रिपोर्टाला आता नवी बेसलाइन (पुढच्या तुलनेचा पाया) म्हणा, धोक्याची रेघ मात्र वर सांगितलेली ४९ चीच. पहिलं '६०-६५' हे मोजमाप नाहीच, तेव्हा '८ ने पडलं' हेच मुळात डळमळीत आहे.

एकवीस_मिग्रॅ

बजेटचं औषध दुसरं. जुलै २०२४ मध्ये कस्टम ड्यूटी काढली ती ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानवरची. नावात ट्रास्टुझुमॅब आहे, पण औषध वेगळं, त्याला केमोची शेपटी जोडलेली. तशीच दुसरी जोडी ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन. ते सुरुवातीच्या स्टेजमध्ये वापरतात, पण ऑपरेशनआधीच्या केमोनंतर गाठ उरली तर. तुमच्या केसशी दोन्हींचा संबंध नाही.

हा नुसता किमतीचा घोळ नाही. डोस बघा: साधं ६ मिग्रॅ/किलो, एमटान्सिन ३.६, डेरक्स्टेकान ५.४. सलाईनही उलटसुलट: साधं आणि एमटान्सिन नॉर्मल सलाईनमध्ये, डेरक्स्टेकान डेक्स्ट्रोजमध्येच. चिठ्ठीवर आणि बिलावर पूर्ण नाव असलंच पाहिजे, 'ट्रास्टु' असं अर्धवट लिहिलेलं स्वीकारू नका. व्हायल आली की शेवटचा शब्द वाचा, मग फोडा.

पिवळं_कार्ड

पैशांच्या बाजूला एक भर. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. ज्या हॉस्पिटलात डोस चालू आहे ते योजनेत, आणि कॅन्सरच्या केमोसाठी आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. विचारताना 'केमो बसते का' एवढंच विचारू नका. 'ट्रास्टुझुमॅब बसतं का, किती डोसांना आणि पूर्वमंजुरी प्रत्येक डोसाला वेगळी लागते का' असं विचारा. सोबत आयएचसीचा मूळ रिपोर्ट (३+ लिहिलेला), ऑपरेशनचा हिस्टोपॅथ, ताजा इको आणि रेशनकार्ड. मधल्या डोसापासून योजनेत शिरताना आधीच्या आठ डोसांच्या डिस्चार्ज पावत्याही मागतात, फाइलमध्ये क्रमाने लावून न्या.

धर्मादाय हॉस्पिटल असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात, पण त्याला बहुतेकदा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. तो विसर्जनाच्या आठवड्यात मिळत नाही. आत्ताच अर्ज टाका.